उचललेलं हसू

भिंतीपलीकडे बायकांचं टोळकं जमलं होतं आणि हसून हसून त्यांची पुरेवाट होत होती. मी त्या गावात नर्स म्हणून हजर होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. देऊळघाटाच्या पुढचं ते लहानसं गाव. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावात सरकारी नर्स राहायला येणं हेच मोठं नवल होतं. मी लस घेऊन निघाले की बाया दारं ओढून घेत आणि पोरं कडब्याच्या गंजीमागं लपत. तेव्हा एवढ्या बाया आयत्याच एका ठिकाणी सापडताहेत म्हटल्यावर मी पदर खोचला आणि शेजारच्या ओसरीकडे निघाले. जाता जाता कान देऊन ऐकत होते. एकीचं हसणं जाडंभरडं होतं. दुसरीचं दबलेलं, पदरात तोंड खुपसल्यासारखं. तिसरीला हसता हसता खोकल्याची उबळ येत होती. ओसरीवर पोचले, तर बाजेवर एकटी म्हातारी बसली होती.

"बाकीच्या कुठं गेल्या?" मी विचारलं.

"कोन बाकीच्या?" म्हातारी म्हणाली. मग माझ्या डोक्यात काय आहे ते तिला उमगलं असावं. "ह्या व्हय? ह्या तं कव्हाच्याच गेल्या वं बाई. एक पटकीत गेली. दोघी अशाच गेल्या." आणि ती तोंडाला पदर न लावता पदर लावल्यासारखं हसली. "ही गोदी. तोंड झाकल्याबिगर कधी हसली नाई."

मी उगाच तिची नाडी पाहिली, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले आणि घरी येऊन चहा टाकला. सारजाबाईंची माझी ओळख ही अशी झाली. सगळं गाव त्यांना सारजामाय म्हणायचं, आणि पुढं मीही तेच म्हणू लागले.

सारजामायचं नाव त्या भागात विहिणीच्या गाण्यांसाठी झालेलं होतं. लग्नात विहिणीची पंगत बसली की नवरीकडच्या बायांनी गाण्यातून विहिणीची टर उडवायची, ही तिकडची रीत. त्यात रागवायचं नसतं; उलट ज्या विहिणीला कोणी नावं ठेवली नाहीत तिला आपला मान राखला नाही असं वाटतं. चार गावांतून सारजामायला बोलावणी येत. ती गाणं तिथल्या तिथं रचायची. पण लोक वाट बघायचे ती गाणं संपल्यावरच्या गमतीची. विहीण लाजून हसली की सारजामाय तेच हसणं जसंच्या तसं उचलायची, तिच्याच आवाजात, तिच्याच ठेक्यात. आपलंच हसू समोरून येतंय म्हटल्यावर विहीण आणखी हसायची, सारजामाय तेही उचलायची, आणि पंगतीतल्या बाया पत्रावळीवर वाकून पोटं धरायच्या. एकदा एका सावकाराची बायको जेवताना शेवटपर्यंत हसलीच नाही. सारजामायनं तिच्यापुढं हात जोडले आणि म्हणाली, "बाई, तुही वळख नाई झाली. पुढच्या लग्नात पाहू."

तिच्या लेखी ओळख म्हणजे हसणं. "रडनं समद्याइचं सारखंच असते," ती म्हणायची, "हसनं ज्याचं त्याचं. मानूस तोंडानं खोटं बोलते, डोयानं खोटं बोलते, हसन्यानं नाई बोलत."

मी शेजारी राहायला गेले तेव्हा तिचं मन विरायला लागलं होतं. वरणात दोनदा मीठ पडे. विहिरीवर गेली की परतीची वाट चुके आणि कोणीतरी हाताला धरून आणून सोडी. आधी नातवंडांची नावं गेली, मग सुनेचं गेलं. एक दिवस तिनं आपल्या मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाचा व्हय बापू तू?"

पंडितभाऊ तिचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेला, तेव्हापासून शेतीचं जू त्याच्या मानेवर आलं. असा गंभीर माणूस मी दुसरा पाहिला नाही. बैलांशी बोलतानाही तो पंचायतीत बोलल्यासारखा बोले. आईला भाकर दुधात कुस्करून तो रोज स्वतःच्या हातानं भरवायचा. बायकोला, कौसल्याबाईंना, ते काम करू द्यायचा नाही. आईनं तसं विचारलं त्या दिवशी तो म्हणाला, "तुहाच व्हय ना, माय."

"माहा पंडित तं लहान हाये," ती म्हणाली. "तू चांगला बाप्या मानूस दिसतं. तुही माय वाट पाहत असन. जाय घरी." त्यानं वाटी खाली ठेवली आणि गोठ्यात निघून गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

आणि मग एका दुपारी भिंतीपलीकडून मला माझंच हसणं ऐकू आलं. मी मापं घेऊन औषध ओतत होते, हात थबकला. माझं हसणं असं आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आधी नाकातून फुसकन येतं आणि मग एकदम वर चढतं. पण ऐकल्याबरोबर ओळखलं. मी तर इथं ओठ मिटून उभी होते. खरं सांगते, दार लावून घ्यावंसं वाटलं. पण मी हट्टी बाई, भीती वाटली की रागच येतो मला. तशीच उठून ओसरीवर गेले. सारजामायनं माझ्याकडे कोरड्या नजरेनं पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तशी. त्या नजरेनं आणि माझ्या स्वतःच्या घाबरलेपणानं मला कसंनुसं हसू आलं. तिचा चेहरा उजळला. "नर्सबाई आली," ती म्हणाली. "काऊन वं, आज सुई नाई आनली?" त्यानंतर घटकाभर ती अगदी शुद्धीवर होती. वार सांगितला, कापसाची वेचणी कुठवर आली ते विचारलं, कौसल्याबाईंना नावानं हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

तेव्हा मला उलगडा झाला. चेहरे गेले होते, नावं गेली होती, हसण्यावरून मात्र ती माणूस ओळखत होती. आणि माणूस ओळखू आलं की त्याचा हात धरून ती थोडा वेळ का होईना आपल्यात परत येत होती. तालुक्याहून महिन्याला येणाऱ्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते स्वतः कधी हसलेले मला आठवत नाहीत, पण त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हातारपणी मेंदू आटत जातो, बाई. त्यावर माझ्याकडे बाटली नाही. पण गप्प बसलेलं माणूस लवकर विझतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तिच्याभोवती माणसं हसती ठेवा." सोपं औषध होतं. निदान मला तसं वाटलं.

त्याच सुमारास गल्लीतली गंगूबाई वारली. ती दम्यानं कित्येक वर्षं आजारी होती. तिचं मरण मला दिसतच होतं. पण आदल्या आठवड्यात सारजामाय ओसरीवर बसून गंगूबाईचं ते शिट्टी वाजल्यासारखं हसणं हसली होती, हे कोणाच्या तरी लक्षात राहिलं. मग नामदेव गेला. नामदेव पंडितभाऊचा जिवलग मित्र, दगडासारखा ठणठणीत गडी. सारजामायनं त्याचं गडगडाटी हसणं उचललं, दोघांनी मिळून ते हसून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी तुरीच्या शेतात त्याला साप चावला. पंडितभाऊनंच त्याला खांद्यावर टाकून आणलं होतं. मी इंजेक्शन भरेपर्यंत सगळं संपलं होतं.

गावाला एवढं पुरे झालं. लग्नातली गंमत वेगळी; ओसरीवर बसून सारजामाय ज्यांचं हसू हसते त्या साऱ्या मेलेल्या. आता जित्यांचंही उचलायला लागली. म्हणजे ज्याचं हसू तिनं उचललं त्याचा नंबर लागला. मी घरोघर सांगून पाहिलं की ती रोज कितीतरी जणांचं हसते, ते सगळे धडधाकट हिंडताहेत, त्यांचं काय? बाया ऐकून घेत आणि म्हणत, "तुमचं खरं हाये, बाई. पन लेकराइले तिकडं नोका नेऊ." मी तावातावानं बोलत असे, पण मलाही एक गोष्ट खटकत होती. तिच्या हसण्यांत एक हसणं होतं, कोवळ्या मुलीचं, झऱ्यासारखं, अध्येमध्ये अडणारं. हे कोणाचं म्हणून मी विचारलं, तर ती म्हणाली, "थे अजून आली नाई." ते हसणं कोणाचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

यानंतर गल्लीत जे झालं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. लोकांनी हसणंच लपवलं. वैर कोणाचंच नव्हतं. शिव्या नाहीत, दगड नाहीत, उलट रोज कोणीतरी तिला ताकाची गडवी आणून देई. पण ओठ घट्ट मिटून देई. तिच्या कानावर आपलं हसू पडता कामा नये, म्हणून बाया दळण-कांडण परसदारी करू लागल्या. पोरांना खेळायला थेट नदीकडे पिटाळत. गल्लीच्या तोंडाशी बोलत हसत आलेली माणसं आमच्या भिंतीपाशी आली की गप्प होत आणि पुढं गेल्यावर पुन्हा बोलू लागत. एका घरी लग्न होतं, तर विहिणीची पंगत गावाबाहेरच्या मळ्यात बसवली. शिमगा आला. बोंबा झाल्या, राख उडाली, पण एक माणूस हसलं नाही. नुसती उघडी तोंडं आणि रंगलेले चेहरे गल्लीतून सरकत गेले.

सारजामायला काही सांगितलं नव्हतं, पण कळत कसं नाही? ती ओसरीवर बसून मान तिरपी करून ऐकत राही. बाजारच्या दिवशी गल्ली पावलांनी वाजायची, आणि त्यात तिला एकही माणूस सापडायचं नाही. मी मुद्दाम जाऊन हसत असे. पण रोज उठून ठरवून हसणं किती कठीण असतं ते करून पाहावं. माझं हसू खोटं आलं की ती ओळखायची नाही. हळूहळू तिचं स्वतःचं हसणं थांबलं. मग गोदीचं थांबलं, त्या खोकणारीचं थांबलं. भिंतीपलीकडची शांतता त्या हसण्याहून वाईट होती. ती बोलेनाशी झाली, घास गालात तसाच धरून ठेवू लागली. "घास गीय, माय," पंडितभाऊ म्हणत राही आणि ती त्याच्याकडे चोराकडे पाहावं तशी पाही. अशीच राहिली तर पावसाळा काही पाहत नाही, हे मला दिसत होतं.

अशात पिंपळगाव राजाहून यमुनाबाई आल्या. कौसल्याबाईंची आई, म्हणजे सारजामायची विहीण. काठी टेकत, एस.टी.तून घाट चढताना वांतीनं हैराण झालेल्या, पण आल्या. मुलीनं सगळा प्रकार कानात सांगितला. यमुनाबाईंनी ऐकून घेतलं, चूळ भरली आणि थेट बाजेवर सारजामायसमोर जाऊन बसल्या.

"इहिनबाई, वळखलं का?"

सारजामाय बघत राहिली.

"नाई वळखत? पोरीच्या लग्नात माह्या नाकाचं चार गावात गानं केलं, अन् आता वळखत नाई." आणि यमुनाबाई हसल्या. दात एकही नव्हता. ते हसणं म्हणजे नुसता भाता चालल्यासारखा वारा होता. कौसल्याबाई आईचं तोंड दाबायला धावल्या, पण उशीर झाला होता. सारजामायच्या गालाची शीर हलली. मग तोच वारा, तसाच, तिच्या तोंडातून आला. कौसल्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"इहीन," सारजामाय म्हणाली. "दात कुठी ठेवले वं?" त्या दिवशी तिनं अर्धी भाकर खाल्ली.

यमुनाबाई जाताजाता हसून मोकळ्या झाल्या असत्या तर गोष्ट वेगळी. त्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पंडितभाऊ शेतातून आला तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि जावयाशी कधी बोलत नसत इतकं बोलल्या. "जवाईबुवा, तिले तुमी पाह्यजे. मी नाई. माहं काय, आज हाये उद्या नाई. तुमी हसत काऊन नाई तिच्यापुढं?"

तो खाली मान घालून उभा होता. "मले हसता येत नाई, मामी," म्हणाला. आणि मग, "नामदेवाले मीनं आनलं होतं खांद्यावर. दोन लेकरं हायेत मले."

त्याचा पुरता विश्वास होता हे मला तेव्हा समजलं. शाळा शिकलेला, नोटीस वाचणारा माणूस. पण मित्राचं ओझं त्यानं वाहिलं होतं, मी नव्हे. यमुनाबाईंनी गाणं सुरू केलं. सारजामायनं त्यांच्यावर रचलेलं गाणं त्यांनी उलटवून सारजामायवर लावलं होतं, आणि आवाज असा की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली:

"सारजाबाई बसली पंगतीले, वाढा गं तिले दोनदा,
कढीत भिजला तिचा पदर, तरी म्हनते वाढा ना."

पुढची ओळ त्यांना आठवेना. त्या अडल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडल्या. बाजेवरून सारजामाय चिडून म्हणाली, "पदर नाई वं. नथ. कढीत भिजली तिची नथ. नीट म्हन." स्वतःचीच टर उडवणारं गाणं चुकीचं म्हटलं म्हणून ती विहिणीला दुरुस्त करत होती. यमुनाबाई म्हणाल्या, "तुही नथ तं मोडीत गेली, कुठून भिजवू?"

आणि पंडितभाऊ हसला. आधी मला कळलंच नाही हे काय. वर्षानुवर्षं न फिरलेला रहाट फिरावा तसा आवाज, दोनदा अडला आणि मग सुटला. सारजामायनं मान तिरपी केली. कौसल्याबाईंनी नवऱ्याचा सदरा मागून मुठीत पकडला. आणि म्हातारी हसली. पंडितभाऊचं हसणं, अडखळण्यासकट, जसंच्या तसं.

तो पळाला नाही. चेहरा पांढरा पडला होता, पण तो बाजेपाशी आला आणि जमिनीवर बसला. "घे, माय," म्हणाला. "अजून घे." आणि पुन्हा हसला, या वेळी डोळ्यांतून पाणी वाहत असताना. तिनं त्याच्या गालांवरून, दाढीच्या खुंटांवरून हात फिरवला.

"पंडित?" ती म्हणाली. "इतके दिवस कुठी गेल्ता रे बापू?"

त्याच दिवशी सकाळी त्यानं तिला वेणी घालून दिली होती, भरवलं होतं.

"बाजारले गेल्तो, माय," तो म्हणाला. "आत्ताच येऊन राह्यलो."

पंडितभाऊ मेला नाही. पहिला आठवडा कौसल्याबाईंनी त्याला शेतात एकटं जाऊ दिलं नाही, आणि गाव त्याच्याकडे फासावर चढायच्या माणसाकडे पाहावं तसं पाहत होतं. मग गावानं आपली समजूत बदलली, पण सोडली नाही. पोटच्या पोराचं हसू आईनं घेतलं तर चालतं, असं ठरलं. एकदोघी बाया तेवढ्या धीर करून भिंतीपाशी हसू लागल्या. यमुनाबाई पिंपळगावला परत गेल्या आणि चांगल्या जगल्या.

सारजामायचं आठवण धरणं मात्र दिवसापुरतंच असे. रात्रीतून सगळं पुसलं जाई आणि सकाळी तो पुन्हा परका. म्हणून पंडितभाऊ रोज दिवस उजाडता दारात उभा राही आणि आत पाऊल टाकायच्या आधी हसे. काही विनोद नाही, कोणी समोर नाही. अंधूक उजेडात एक धोतर नेसलेला माणूस उंबऱ्याशी उभा राहून हसतोय. नव्यानं गावात आलेला मास्तर ते ऐकून माझं दार वाजवायला आला होता. मग आतून तेच हसणं परत येई, आणि पाठोपाठ, "आला का बापू?" की तो आत जाई. असं त्यांनी पावसाळा काढला, दिवाळी काढली, हिवाळाही बराचसा काढला. माझा दिवस त्या दोन हसण्यांनी सुरू व्हायचा. पहिल्यापहिल्यानं शहारा यायचा, पुढं त्याच्याशिवाय चहाला चव येईना.

माघातली ती सकाळ होती. मी स्टो पेटवत होते. पंडितभाऊ दारात येऊन हसला. मी पाणी चढवलं. तो परत हसला, जरा मोठ्यानं. मी स्टोची हवा सोडली, म्हणजे नीट ऐकू यावं. तो थांबला, आणि पुन्हा हसला. समोरच्या घराचं दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. बाया बाहेर येऊन पदर धरून उभ्या राहिल्या. त्याला थांबवायला कोणी पुढं गेलं नाही. कौसल्याबाईंनी परसातून मला हाक मारली आणि मी त्या बाजूनं आत जाऊन सारजामायचा गार हात हातात घेतला, तेव्हाही तो उंबऱ्याबाहेर उभा होता आणि हसत होता.